पाटीवरचं ‘सह’

चैत्रात कारेगावजवळ नगर रस्त्याच्या कडेला उभं राहिलं, की रांजणगाव एमआयडीसीतून निघालेल्या कंटेनरांच्या रांगेत मधूनच एखादा निराळा ट्रक दिसतो. वर लोखंडी सांगाडे, बांबू, गुंडाळलेली कनात, त्या गुंडाळीवर आडवीतिडवी झोपलेली चार-सहा पोरं आणि हौद्याच्या अंगाला रंगवलेली पाटी. ती वाचून होईपर्यंत ट्रक पुढे गेलेला असतो, कारण या पाट्या लांब असतात. ‘अमुक सह तमुक लोकनाट्य तमाशा मंडळ.’ लहानपणी मला तो ‘सह’ कळायचा नाही. लग्नपत्रिकेत ‘सहकुटुंब सहपरिवार’ असतं, त्यातलंच काहीतरी असेल असं वाटायचं. पुढे कळलं, की तो अर्थ फारसा चुकला नव्हता.

घरच्या माणसांनी मिळून गाणाऱ्या मंडळींवर जगात पुष्कळ सिनेमे निघाले आहेत. ‘बी जीज’ म्हणजे बॅरी, रॉबिन आणि मॉरिस हे तीन गिब बंधू. त्यांच्यावरचा फ्रँक मार्शल यांचा माहितीपट २०२० साली आला. ‘बीच बॉइज’ म्हणजे ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे विल्सन भाऊ, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि शाळासोबती अल जार्डिन. त्यांच्यावर एकाहून अधिक माहितीपट आहेत, त्यांतला एक २०२४ मधला. आपल्याकडे असं काय आहे, असा विचार केला तर माझ्या डोळ्यांपुढे मुंबईतला कुठला स्टुडिओ येत नाही. आमच्याच पुणे जिल्ह्यातलं, जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव येतं आणि त्या गावाचं नाव आडनावासारखं लावणारं खुडे घराणं येतं. चार-पाच पिढ्या तमाशाच्या एकाच धंद्यात, एकाच रंगमंचावर. लोकप्रिय संगीताचा एवढा टिकाऊ घरगुती गट महाराष्ट्रात शोधावा लागेल.

गाणाऱ्या गटांवरच्या सिनेमांचे दोन प्रकार असतात. एक मैफलीचा. कार्यक्रम अनेक कॅमेऱ्यांनी टिपायचा आणि कापून-जोडून प्रेक्षकाला पहिल्या रांगेच्याही पुढे नेऊन बसवायचं. मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘द लास्ट वॉल्ट्झ’ हा त्यातला सर्वांत नावाजलेला. २५ नोव्हेंबर १९७६ ला सॅन फ्रान्सिस्कोत झालेला ‘द बँड’ या गटाचा निरोपाचा कार्यक्रम सात ३५ मिमी कॅमेऱ्यांनी चित्रित केला आणि १९७८ मध्ये पडद्यावर आणला. गाण्याच्या कुठल्या ओळीला कुठला कॅमेरा कुणावर असावा, हे आधी कागदावर लिहून काढलं होतं. आवाजाचं काम त्याहून किचकट. प्रत्येक वाद्याचा आणि गळ्याचा माइक वेगळ्या पट्टीवर ध्वनिमुद्रित करायचा, प्रेक्षकांच्या आवाजासाठी निराळे माइक टांगायचे आणि नंतर निवांत बसून सगळ्यांचं प्रमाण जुळवायचं.

दुसरा प्रकार माहितीपटाचा. जुनी चित्रफीत, फोटो, आता म्हातारे झालेले भाऊ खुर्चीत बसून बोलताहेत, मध्येच एखाद्या गाण्याचा तुकडा. घरच्या गटांवरच्या या माहितीपटांत गाणी असतात खरी, पण सिनेमा उभा राहतो भांडणावर. रॉबिन गिब १९६९ मध्ये भावांना सोडून निघून गेला आणि वर्षभराने परत आला. विल्सन भावांचा बाप मरी हाच त्यांचा मॅनेजर. पोरांनी १९६४ मध्ये त्याला काढून टाकलं, आणि १९६९ मध्ये त्याने पोराच्या गाण्यांचे हक्क सात लाख डॉलरला विकून टाकले. अशा सिनेमात कुटुंब फुटलं की पार्श्वसंगीत उदास होतं. फूट म्हणजे शोकांतिका, हे तिथे गृहीतच असतं.

आता नारायणगावकरांकडे या.

नारायण खुडे यांनी तमाशाचा फड काढला. त्यांची मुलं भाऊ आणि बापू यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गाजवला. नावात जात उघड लिहिलेली आहे, हे लक्षात घ्या. ज्या काळात त्या जातीच्या माणसाला कित्येक गावांत पाणी वरून ओतून मिळायचं, त्या काळात तीच अक्षरं पाटीवर मोठी रंगवून हे लोक त्याच गावांत जात होते आणि गाव तिकीट काढून आत येत होतं. भाऊंची मुलगी विठाबाई १९३५ साली पंढरपुरात जन्मली. शाळेत फारशी रमली नाही, फडात मात्र लहानपणीच उभी राहिली. पुढे तिला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. १५ जानेवारी २००२ रोजी ती गेली, तेव्हा आजारपणाचा खर्च भागवायलाही पैसे नव्हते. महाराष्ट्र शासन आज तमाशातल्या ज्येष्ठांना जो जीवनगौरव पुरस्कार देतं, तो तिच्या नावाचा आहे.

विठाबाईची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. दिवस भरलेले असताना ती नाचत होती, मध्येच कळा सुरू झाल्या, कनातीमागे जाऊन ती बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि परत रंगमंचावर आली. प्रत्येक लेखात ही गोष्ट पहिल्या परिच्छेदात असते, आणि सिनेमा काढणाऱ्यालाही तिथूनच सुरुवात करण्याचा मोह होणार. मला ती गोष्ट सांगण्याची ही घाई नेहमी खटकते. त्या रात्री कनातीमागे आणखी कोण होतं? बाळ कुणी घेतलं? ती परत येईपर्यंत प्रेक्षकांना कुणी धरून ठेवलं? फडात हे काम सोंगाड्याचं आणि ढोलकीवाल्याचं असतं. ते घरचे असतात किंवा घरच्यासारखे. एका बाईचं अचाट धैर्य आपल्याला दिसतं. त्या धैर्याच्या मागे जी दहा माणसं आपापल्या जागा न बोलता बदलत होती, ती दिसत नाहीत. घरचा गट म्हणतात तो तीच माणसं.

विठाबाईच्या मुलीही याच धंद्यात आल्या. थोरली मंगला बनसोडे, मग मालती इनामदार, संध्या माने, भारती सोनवणे. त्यांतल्या काहींनी स्वतंत्र फड काढले. मंगलाताईंच्या पाटीवर मुलगा नितीनकुमार याचं नाव लागलं. विठाबाईच्या मूळ नावाचा फड नातू मोहित नारायणगावकर चालवतो. म्हणजे फूट पडली का? पडली. भांडणं झाली का? घर म्हटल्यावर होणारच. पण तमाशात फुटीचा अर्थ वेगळा लागतो. शेतीच्या वाटण्यात बांध वाढतात आणि वावर लहान होतं. फडाच्या वाटणीत उलटं होतं, एका पाटीच्या दोन पाट्या होतात आणि दोन्ही पाट्यांवर आईचं नाव राहतं. जत्रांच्या दिवसांत एकाच रात्री पंचवीस गावांना तमाशा हवा असतो. एकच फड पंचवीस गावांना पुरणार कसा? बहिणी वेगळ्या झाल्या म्हणून तर घराण्याचं गाणं चार वाटांनी गेलं. बी जीजच्या माहितीपटाच्या शेवटी एकटा उरलेला बॅरी भावांची आठवण काढतो, तेव्हा गलबलून येतं. त्या गटात नवा माणूस यायची वाटच नव्हती, तीन भाऊ म्हणजेच तो गट. फडात वाट असते. ती वाट म्हणजे पाटीवरचा ‘सह’.

हा ‘सह’ नातं सांगत नाही, फक्त नावं जोडतो. नवरा-बायको, आई-मुलगा, बहीण-भाऊ, कधी मालक आणि त्याची मुख्य कलावंतीण. नातं गावाने ओळखायचं. तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर यांचा फड आमच्या आजोबांच्या पिढीचा. खेडकर १९६४ मध्ये गेले. लहान मुलं पदरात घेऊन कांताबाईंनी नव्याने फड उभा केला. बाई असून त्या शिवाजी महाराजांची भूमिका करायच्या आणि लोक मुजरा घालायचे. पुढे पाटी झाली ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’. मुलाचं नाव आधी, मग ‘सह’, मग आई. मे २०२१ मध्ये कांताबाई गेल्या. पण नाव उतरवायची घाई अशा घरांत कुणी करत नाही. सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरच्या काळू-बाळूंची तऱ्हा तर आणखी मजेची. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगातल्या त्यांच्या दोन हवालदारांची नावं काळू आणि बाळू. ती इतकी चिकटली, की खरी नावं मागे पडली आणि फडच काळू-बाळूंचा झाला.

घरची माणसं एकत्र गायली की वेगळं काय होतं, हेही पाहायला हवं. भावंडांच्या गळ्याची आणि तोंडाच्या पोकळीची ठेवण बरीच सारखी असते. त्यामुळे आवाजाचा पोत जुळतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती एकाच स्वयंपाकघरात बोलायला शिकलेली असतात. ‘आ’ किती उघडायचा, ‘ए’ कुठे चेपायचा, ओळीच्या शेवटी श्वास कुठे घ्यायचा, हे ठरवावं लागत नाही. गिब बंधू एका माइकभोवती डोकी जवळ आणून गायचे तेव्हा तीन आवाज आहेत की एक, हे ओळखणं अवघड व्हायचं. तमाशात ही जागा झीलकऱ्यांची. मुख्य गायकाने ओळ सोडली की मागचे झीलकरी ती उचलून वरच्या पट्टीत ‘जी जी जी’ असा लांब सूर ताणतात आणि तुणतुण्यावाला सुरत्या त्याला धरून असतो. ओळ सोडणारा आणि झेलणारा यांच्यात पापणी लवण्याएवढंही अंतर राहून चालत नाही. चुलत्याने सोडलेली ओळ पुतण्या झेलतो तेव्हा ते अंतर राहत नाही, कारण जेवताना मीठ मागायलाही तो तोच सूर ऐकत आलेला असतो.

हे कॅमेऱ्यात कसं पकडायचं? तमाशाची रात्र गणाने सुरू होते. मग गवळण. कृष्ण, पेंद्या आणि पुरुषाने रंगवलेली मावशी. मग बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. यातली गवळण आणि लावण्या एक वेळ आधी लिहून घेता येतील. बतावणीचं काय करणार? सोंगाड्या दुपारीच गावात चक्कर मारून आलेला असतो. सरपंचाची बोअर कोरडी गेली, कुणाची म्हैस कुणाच्या उसात शिरली, कारेगावात खोल्यांची भाडी किती वाढली, हे सगळं त्याच्या खिशात असतं. रात्री त्यातलं काय निघेल हे सरदाराची भूमिका करणाऱ्या त्याच्या भावालाही माहीत नसतं. कुठल्या ओळीला कॅमेरा कुणावर असावा, हे इथे कागदावर लिहिता येत नाही. उद्या दुसऱ्या गावात हेच विनोद कुणाला कळणारही नाहीत. ढोलकी आणि हलगी जवळच्या माइकवर घेतल्या तर आवाज फाटतो आणि लांबून घेतल्या तर थापेतला ओलावा जातो. आणि चित्रीकरणाला लागणारा दिव्यांचा झगमगाट केला, की समोरचा काळोख आणखी गडद होतो. त्या काळोखातूनच अर्धा तमाशा बोलत असतो.

मराठी सिनेमाने तमाशाकडे पाठ फिरवली असं मात्र कुणी म्हणू नये. उलट तमाशावरच तो बराच काळ जगला. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे चालला. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ १९७२ चा. त्याची मूळ गोष्ट जर्मन ‘ब्लू एंजल’ची. आनंद यादव यांच्या कादंबरीवरचा रवी जाधव यांचा ‘नटरंग’ २०१० च्या पहिल्या दिवशी लागला. तिन्ही सिनेमे मी आवडीने पाहिले आहेत. पण त्यांतला तमाशा माणसाला घरातून ओढून नेणारा आहे. मास्तर फडात गेला की बिघडतो, शेतमजूर नाच्या झाला की बायको-पोराला मुकतो. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला फड. आमच्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा फड हेच घर होतं, त्यांना या चौकटीत उभं राहायला जागाच नाही. गंमत म्हणजे हे सिनेमे गावोगाव दाखवणारे तंबू टॉकीजवाले जत्रेत तमाशाच्या कनातीसमोरच आपला तंबू ठोकायचे. त्यांच्यावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला आणि २०१६ च्या कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेख झाला. समोरच्या तंबूचा माहितीपट कानला पोचला, हे ऐकून तमाशावाल्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

घराच्या आत शिरलेला कॅमेरा पाहायचा असेल तर संगीतबारीकडे वळावं लागतं. ढोलकीफड आणि संगीतबारी यांत लोक गल्लत करतात. फड फिरता, त्यात वग असतो, पुरुषही असतात. संगीतबारी बाईंची आणि बसल्या जागेची. चार-सहा बायकांची पार्टी, सोबत पेटी, तबला, ढोलकी, समोर बैठक. आमच्याकडून न्हावऱ्यावरून खाली उतरलं की दौंड तालुक्यात चौफुला लागतो. तिथली कलाकेंद्रं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पार्टीत मावशी, भाची, आई, मुलगी अशाच साखळ्या असतात. सावित्री मेधातुल यांनी या बायकांवर ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट केला. त्याच वाटेवर भूषण कोरगावकर यांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक आणि पुढे त्याच नावाचा रंगमंचीय कार्यक्रम आला. चाळ बांधायच्या आधीची बाई, मुलाच्या शाळेच्या फीचा हिशोब करणारी बाई त्यांत दिसते. हा कॅमेरा रंगमंचासमोरून उठून मागे गेला. मला वाटतं, घरच्या गटावर सिनेमा काढायचा तर कॅमेऱ्याची जागा तीच.

फडाच्या मागच्या बाजूला पाहण्यासारखं किती असतं! दसऱ्याच्या सुमाराला तंबू उभा राहतो तो वैशाखापर्यंत. पहिले महिने तिकिटावर, रोज नवं गाव. शंभर-दीडशे माणसांचा गाडा. त्यात कलावंत निम्मे असतील. बाकी तंबू ठोकणारे, वायरमन, ड्रायव्हर, आचारी. हंगामाआधी प्रत्येकाने ‘उचल’ घेतलेली. कुणी पोरीच्या लग्नाला, कुणी घराच्या पत्र्याला. मालक ती उचल सावकाराकडून व्याजाने आणतो, आणि पावसाने चार खेळ पाडले की गणित कोसळतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बंद झाल्या तेव्हा ऐन हंगामात तिकीट खिडकीवर सुट्ट्यांचा खडखडाट झाला. २०२० आणि २०२१ मध्ये तर जत्राच भरल्या नाहीत. पैशाचा हा पेच विल्सन भावांच्या माहितीपटातल्या हक्कांच्या भांडणापेक्षा कमी नाट्यमय नाही. फक्त इथे वकील नसतात, एक वही असते.

आणि घराबाहेरच्या माणसांनाही त्या सिनेमात जागा हवी. आमच्या शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे बशीर मोमीन, म्हणजे मोमीन कवठेकर, जन्मभर वेगवेगळ्या फडांना वग, गवळणी आणि लावण्या लिहून देत राहिले. विठाबाईंच्या नावाचा जीवनगौरव त्यांना मिळाला. गणाला गणपती आळवणारी ओळ मोमीनांच्या लेखणीतून यायची आणि ती खुडे किंवा खेडकरांचा गळा उचलायचा, याचं त्या तंबूत कुणाला नवल नव्हतं. कुटुंबाच्या गाण्यात असे कितीतरी बिनरक्ताचे नातेवाईक असतात. बीच बॉइजमध्ये जार्डिन होता तसेच.

आता कुणी विचारेल, चित्रफिती तर ढीगभर आहेत. आहेत. आधी कॅसेटी आल्या. त्या लाटेवर सर्वांत उंच गेलं ते दुसरं एक घराणं, शिंद्यांचं. प्रल्हाद शिंदे, त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद, नातवंडं आदर्श आणि उत्कर्ष. भीमगीतं, भक्तिगीतं आणि लग्नाच्या वरातीतली गाणी मिळून तीन पिढ्या त्यांनी महाराष्ट्राचे कान व्यापले. एकट्या-दुकट्याचा आवाज कॅसेटमध्ये मावतो, म्हणून ते घराणं कॅसेटमध्ये सुखाने मावलं. फड मावला नाही. वगांच्या सीडी जत्रेत मिळायच्या, पण रात्रभराचा वग दोन तासांत कोंबलेला असायचा आणि पहिली कात्री बतावणीला लागायची. आज कारेगावच्या खोल्यांवर रात्रपाळी संपवून आलेली मराठवाड्याची, विदर्भाची पोरं मोबाइलवर तमाशा बघतात. प्रेक्षकातल्या कुणीतरी फोन उभा धरून टिपलेला. उभ्या चौकटीत नाचणारी एकटी बाई बरोबर बसते. झीलकरी बाहेर, ढोलकीवाला बाहेर, कडेला उभा असलेला तिचा भाऊ बाहेर.

गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीबाहेर पाटी, आत सतरंजी, तक्क्या, एक मॅनेजर आणि त्याची वही. गावोगावचे कारभारी जीपगाड्या करून येतात, दोन-चार राहुट्यांत डोकावतात, चहा पितात, सुपारीचा आकडा काढतात. आमच्या भागातले म्हातारे अजून पाटी न वाचताच विचारतात, ‘‘विठाबाईचा कोणता?’’ तिला जाऊन वीस वर्षं उलटली. मॅनेजरला त्यात काही वावगं वाटत नाही. तो ‘‘हाच की,’’ म्हणतो, वहीचं पान उलटतो आणि विचारतो, ‘‘जत्रा अष्टमीची का पुनवेची?’’